क्लीनरची सीट

गेल्या दिवाळीत मी गाडी घेतली. सात वर्षांचे हप्ते आहेत, तरी घेतली. पहिली फेरी अर्थातच मंचरला. आईने ओवाळलं, अण्णांनी चाकांखाली लिंबं ठेवून नारळ फोडला आणि माझ्या हातातून चावी काढून घेतली. ‘बघू तुझं विमान,’ म्हणाले.

अण्णा चाळीस वर्षं गाडी चालवतायत. आधी दुसऱ्यांचे ट्रक, मग स्वतःची पिकअप. सातगाव पठारावरचा बटाटा, नाहीतर नारायणगावचा टोमॅटो संध्याकाळी भरायचा आणि उजाडायच्या आत वाशी मार्केटला उतरवायचा. अशा माणसाला गाडीतलं काय दाखवून चकित करणार? मी त्यांना लेन-कीपिंग दाखवलं. पुढच्या काचेमागे एक कॅमेरा असतो. तो रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या ओळखतो आणि गाडी त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये राहावी म्हणून स्टिअरिंग स्वतःच हलकंसं वळवतो. पेठ ओलांडल्यावर मी बटण दाबलं. स्क्रीनवर स्टिअरिंगचं हिरवं चित्र उमटलं. अण्णांनी हात जरा सैल सोडले, चाक आपोआप हललं आणि ते खूश झाले. ‘भूत बसवलंय का रं आत?’

पुढे एका ठिकाणी नवं डांबर टाकलेलं होतं, त्यावर पट्टे अजून मारले नव्हते. गाडी डावीकडे सरकायला लागली. अण्णांनी शांतपणे चाक धरलं आणि सरळ केलं. ते रस्त्याकडेच बघत होते म्हणून काही झालं नाही.

‘सोडलं त्यानं,’ ते म्हणाले.

‘हो, पट्टे दिसले नाहीत की सोडतं.’

‘आरं, पण सोडताना सांगत का न्हाई?’

मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. सांगतं की. हिरवं चित्र करडं होतं.

‘मी रस्ता बघू का ह्याचा रंग बघू?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि गंमत अशी की हाच माझा धंदा आहे. अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडल्यापासून मी गाड्यांच्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर लिहितो. कुठली सूचना कोणत्या रंगात, किती सेकंद, आवाजासकट की आवाजाशिवाय, हे ठरवणाऱ्या टेबलातल्या ओळी मी भरतो. त्या गाडीतलं करडं चित्र माझं नव्हतं, पण तसंच एक चित्र मी दुसऱ्या गाडीसाठी केलेलं आहे. ते करडं होताना आवाज का करत नाही, हेही मला माहीत आहे. आमच्याही टेबलात आधी आवाज होता. चाचणीतल्या ड्रायव्हरांनी तक्रार केली की दर दोन मिनिटांनी टुंग वाजतं, डोकं उठतं. आपल्या रस्त्यांवर पट्टे दर दोन मिनिटांनी गायब होतात, त्याला टुंग तरी काय करणार? मीटिंगमध्ये ठरलं, आवाज काढा. मीच काढला. ड्रायव्हरला जे हवं होतं तेच आम्ही दिलं होतं.

मग अण्णांना हवं होतं ते काय होतं?

*

डॅशबोर्ड हा शब्द घोडागाडीतून आलाय. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक फळी लावत, ती ही फळी. घोडा गेला, इंजिन आलं, फळी राहिली आणि रिकामी दिसते म्हणून तिच्यावर एकेक वस्तू चढत गेली. आधी चालवायला लागणाऱ्या: वेग, तेल, पेट्रोल. मग न लागणाऱ्या. १९३०मध्ये अमेरिकेत गाडीत बसवायचा रेडिओ बाजारात आला तेव्हा त्याने ड्रायव्हरचं लक्ष उडेल, त्यावर बंदी घाला, अशी मागणी तिथल्या काही ठिकाणी झाली होती. बंदी टिकली नाही. अण्णांच्या पिकअपच्या फळीवर भीमाशंकरचा फोटो, उदबत्तीचं घर, टोलच्या पावत्या आणि बंद पडलेला टेप आहे. रात्री तीन वाजता टेप हा ड्रायव्हरचं लक्ष उडवतो की टिकवतो, हे त्यांना विचारा.

स्क्रीन आला तो १९८०च्या दशकात. १९८१ साली होंडाने जपानमध्ये नकाशा दाखवणारं एक यंत्र काढलं. तेव्हा जीपीएस सामान्यांच्या हातात नव्हतं. गाडी किती पुढे गेली आणि किती वळली हे मोजून छोट्या पडद्यावर जागा दाखवायची, आणि त्यावर पारदर्शक नकाशाची फिल्म सरकवायची. पाच वर्षांनी, १९८६मध्ये, ब्यूइक या अमेरिकी कंपनीने रिव्हिएरा गाडीत चक्क टच स्क्रीन बसवला. जुन्या टीव्हीसारखी नळी, काळ्यावर हिरवी अक्षरं. रेडिओ आणि एसी दोन्ही त्यातूनच. लोक वैतागले. आधी न बघता फिरवता यायचं ते बटण आता शोधावं लागत होतं, आणि शोधायचं म्हणजे रस्त्यावरून नजर काढायची. काही वर्षांत कंपनीने तो गुंडाळला.

ही तक्रार किती खरी होती ते ३६ वर्षांनी मोजलं गेलं. २०२२मध्ये ‘वी बिलॅगरे’ या स्वीडिश मासिकाने एक साधी परीक्षा घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगात गाडी चालवत चार कामं करायची: एसी, रेडिओ वगैरे. २००५ सालच्या बटणवाल्या व्हॉल्व्होत ती १० सेकंदांत झाली, गाडी तेवढ्यात ३०६ मीटर गेली. सगळ्यात वाईट निघालेल्या नव्या टच स्क्रीनवाल्या गाडीला ४४.६ सेकंद लागले. तेवढ्यात ती १,३७२ मीटर गेली होती. म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर अर्धवट डोळ्यांनी. युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ‘युरो एनकॅप’नेही २०२६पासून नियम बदलले. इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींना खरीखुरी बटणं नसतील तर पूर्ण गुण नाहीत.

पण शोरूममध्ये कोणी बटणं मोजत नाही. तिथे स्क्रीनचे इंच विचारतात. मीही विचारले होते.

*

ब्यूइकचा टच स्क्रीन आला त्याच १९८६ साली, सतरा वर्षांचे अण्णा मंचरच्या एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढले.

क्लीनर या शब्दाने काच पुसणारा पोऱ्या डोळ्यांसमोर येतो. काच तर ते पुसायचेच. पण अण्णांकडून मी कामांची यादी लिहून घेतली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही माझ्या ऑफिसातल्या टेबलासारखीच यादी आहे. डावी बाजू बघायची, कारण ट्रकच्या ड्रायव्हरला डावीकडचं दिसत नाही. दुचाकी घुसली की दरवाज्यावर बाहेरून थाप मारायची. मागे घेताना खाली उतरून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत राहायचं आणि वेळेवर ‘बास!’ म्हणायचं. टायरवर पाना मारून आवाज ऐकायचा. घाटात गाडी थांबली तर आधी उतरून चाकाखाली दगड लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झोपायचं नाही. ‘किन्नर घोरायला लागला की डायवरचे डोळे मिटतात,’ हे अण्णांचं वाक्य. त्यांच्या पहिल्या उस्तादाने याच कारणासाठी त्यांना खोपोलीजवळ गाडीतून उतरवून अर्धा किलोमीटर चालायला लावलं होतं.

बघा, यात कुठलीही सूचना ड्रायव्हरच्या डोळ्यांना दिलेली नाही. थाप कानाला. हाक कानाला. एसटीतही तसंच. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून कंडक्टर आणि ड्रायव्हर यांची भाषा म्हणजे घंटी. एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. दोन शब्दांची भाषा, आणि ड्रायव्हरला मान वळवावी लागत नाही. माझ्या आयुष्यात मी याहून चांगला इंटरफेस पाहिलेला नाही.

त्याच १९४८ साली इंग्लंडमध्ये नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. युद्धात रडारवर नजर ठेवणारे लोक काही वेळाने शत्रूचा ठिपका चुकवायला लागत, तसं का होतं हा प्रश्न होता. त्याने घड्याळासारखी तबकडी केली. काटा टकटक पुढे सरकायचा आणि क्वचित एखादी उडी दुप्पट मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं. पहिल्या अर्ध्या तासातच लोक उड्या चुकवायला लागले. आळशी लोक नव्हते ते. ज्यात बहुतेक वेळ काहीच घडत नाही अशा गोष्टीकडे नुसतं बघत राहणं माणसाला जमत नाही, एवढाच त्याचा अर्थ. १९८३मध्ये लिझॅन बेनब्रिज या संशोधिकेने यावर एक छोटा लेख लिहिला. आमच्या धंद्यात तो अजून वाचतात. यंत्राने सोपं काम स्वतःकडे घेतलं की माणसाकडे यंत्रावर नजर ठेवण्याचं काम उरतं, आणि नेमकं तेच माणसाला सगळ्यात वाईट जमतं.

*

स्वतः चालणाऱ्या गाडीचं स्वप्न जुनं आहे. १९५६मध्ये जनरल मोटर्सने ‘फायरबर्ड टू’ नावाची नमुन्याची गाडी दाखवली आणि सोबत एक फिल्म काढली. त्यात १९७६ साल आहे, एक कुटुंब हायवेवर चाललंय, नियंत्रण कक्षातला माणूस रेडिओवरून गाडी ताब्यात घेतो आणि बापाला स्टिअरिंग सोडायला सांगतो. पुढे सगळे निवांत. त्या काळच्या जाहिरातींतही हेच चित्र: गाडी धावतेय आणि घरची मंडळी मधल्या टेबलाभोवती खेळत बसलीत. ड्रायव्हरला काय हवं, तर ड्रायव्हर नसणं हवं, हे यांनी गृहीत धरलं होतं.

खरी पंचाईत मधल्या पायरीवर झाली. गुगलने २००९ साली या गाड्यांवर काम सुरू केलं. २०१२-१३च्या सुमारास हायवेवर बऱ्यापैकी चालणाऱ्या गाड्या त्यांनी आपल्याच कर्मचाऱ्यांना ऑफिसला यायला-जायला दिल्या. अट एकच, रस्त्यावर लक्ष ठेवा. गाडीत कॅमेरे होते आणि ते लोकांना माहीत होतं. तरी लोक फोन बघत होते, मेकअप करत होते, आणि एक जण ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेगात झोपलेला सापडला. गुगलने (म्हणजे आताच्या वेमोने) हा अर्धा रस्ता सोडूनच दिला. करायची तर पूर्ण करू, नाहीतर नको. वेमोच्या टॅक्सीत आज मागच्या सीटसमोर स्क्रीन असतो. त्यावर गाडीला काय दिसतंय तेच दाखवतात: ही माणसं, ह्या गाड्या, हा सिग्नल. सिनेमा बाजूला ठेवून लोक आधी ते बघतात. मला यात अण्णांचा प्रश्न दिसतो. तुला दिसतंय ना, एवढं सांग.

बाकीच्या कंपन्यांनी अर्धा रस्ता सोडला नाही. गाडी किती स्वयंचलित आहे ते मोजण्यासाठी २०१४मध्ये अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संघटनेने शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या. माझी गाडी दुसऱ्या पायरीवर: गाडी मदत करते, पण डोळे आणि जबाबदारी सगळी ड्रायव्हरची. तिसऱ्या पायरीवर गाडी म्हणते, तू दुसरीकडे बघ, लागलं तर बोलावते. २०२१च्या मार्चमध्ये होंडाने जपानमध्ये अशा फक्त १०० गाड्या भाड्याने दिल्या. हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर ड्रायव्हर मधल्या स्क्रीनवर टीव्ही बघू शकत होता. मग जर्मनीत मर्सिडीज आली. अशा गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमात एक कलम फार शहाणं आहे. गाडीने ड्रायव्हरला बोलावलं की स्क्रीनवरचं मनोरंजन आपोआप बंद झालं पाहिजे. इंग्लंडच्या २०२२च्या नियमांतही गाडीच्या स्वतःच्या स्क्रीनवर सिनेमा चालेल, हातातल्या फोनवर नाही, असंच आहे. कारण सरळ आहे. गाडीचा स्क्रीन गाडीला बंद करता येतो. फोन येत नाही.

फोनवरून ॲरिझोना आठवतं. १८ मार्च २०१८, टेम्पे शहर, रात्र. उबरची चाचणीची गाडी स्वतः चालत होती, आत एक चालक होती लक्ष ठेवायला. सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला गाडीची धडक बसली आणि ती गेली. सरकारी चौकशीत निघालं की गाडीच्या सेन्सरना ती ५.६ सेकंद आधी दिसली होती, पण हे काय आहे, वाहन, सायकल की आणखी काही, याचा सॉफ्टवेअरचा निर्णय बदलत राहिला. चालकाच्या फोनवर टीव्हीचा कार्यक्रम चालू होता. बातम्यांत एवढंच आलं. मी चौकशीचा अहवाल कामासाठी वाचला तेव्हा मला दुसरीच ओळ टोचली. आधी त्या गाड्यांत दोन माणसं असायची. एक स्टिअरिंगवर, दुसरा शेजारी, गाडी काय बघतेय त्याच्या नोंदी ठेवणारा. धडकेच्या काही महिने आधी, २०१७च्या अखेरीस, कंपनीने शेजारचा माणूस काढून टाकला होता. नोंदीचं काम स्टिअरिंगवरच्याच माणसाच्या स्क्रीनवर आलं.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, ‘किन्नर उतरवला म्हंजे.’

*

आपल्याकडे विनाचालक गाड्या येणार नाहीत, मी येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी २०१७मध्ये म्हणाले आणि २०२३मध्ये नागपुरात पुन्हा म्हणाले. कारण ड्रायव्हरांच्या नोकऱ्या. अण्णांना ते पटलं, टीव्हीसमोर त्यांनी मान डोलावली. पण ड्रायव्हरच्या सीटची एवढी चर्चा चालली असताना शेजारच्या सीटचं काय झालं, याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

२०२५च्या जुलैत महाराष्ट्रातल्या मालवाहतूकदारांनी संप केला. ई-चलानच्या दंडांवरून तो गाजला, पण मागण्यांमध्ये एक अशीही होती की अवजड गाड्यांवर क्लीनर ठेवायची सक्ती काढा. क्लीनर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि तो नसला की दंड. ट्रकमालकांचं हे म्हणणं खोटं नाही. आमच्या आळीतला एकही मुलगा आज क्लीनर व्हायला तयार होणार नाही, मी तर नाहीच झालो. त्यानंतर सरकारने ज्या अवजड गाड्यांत चालकाला मदत करणारी यंत्रणा बसवली आहे त्यांना क्लीनरच्या सक्तीतून सूट देण्याचं पाऊल उचललं. यंत्रणा म्हणजे कॅमेरे, सेन्सर, इशारे, स्क्रीन. म्हणजे मी जे बनवतो ते. चाळीस वर्षांपूर्वी अण्णा ज्या सीटवर बसले, तिथे आता कायद्यानेच माझं सॉफ्टवेअर बसणार आहे.

आणि मोटारींमध्ये? मंचरहून पुण्याला जाताना चाकण लागतं. तिथल्या महिंद्राच्या कारखान्यात २०२१मध्ये एक्सयूव्ही ७०० बनू लागली. कॅमेरा-रडारवर चालणारी अशी मदत सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणाऱ्या पहिल्या काही गाड्यांपैकी ती एक. तीत दोन स्क्रीन. २०२४च्या नोव्हेंबरात आलेल्या त्यांच्या इलेक्ट्रिक एक्सईव्ही ९ईत तीन, प्रत्येकी १२.३ इंचांचे, आणि तिसरा शेजारी बसणाऱ्याच्या पुढ्यात. मी तो पाहिला आहे, देखणा आहे. फक्त मनात आलं, शेजारच्या माणसाने रस्ता बघायचं काम होतं, आता त्याच्याही डोळ्यांना दुसरं काम मिळालं. (माझ्या बायकोचं मत वेगळं आहे. तिला तो तिसरा स्क्रीन हवा होता.)

मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४मध्ये भारतासह सहा देशांतल्या लोकांना विचारलं होतं की गाडी स्वतः चालत असेल तर मोकळ्या वेळात काय कराल. वाचन, फोन, सिनेमा, काम, झोप, सगळे पर्याय होते. त्यात मोठ्या संख्येने आलेलं उत्तर होतं: रस्ता बघू. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मी हसलो होतो. लोकांना नव्याची भीती वाटते, होईल सवय, असं वाटलं होतं. गुगलच्या गाडीतल्या त्या झोपलेल्या माणसाला झालीच होती सवय.

दिवाळीनंतर ऑफिसात परत गेल्यावर मी एक प्रस्ताव मांडला. गाडीने स्टिअरिंग सोडताना टुंग नको, ठीक. पण सीटला किंवा चाकाला एक हलकी थाप द्या. दरवाज्यावर मारतात तशी, एकदाच. हे काही माझं संशोधन नाही, थरथरणारी स्टिअरिंगं बाजारात कधीची आहेत, पण ती बहुतेक वेळा लेन ओलांडल्यावर थरथरतात. बॉसला कल्पना आवडली. मग प्रश्न आला, चाकातली मोटर काही शे रुपयांची, आणि ग्राहक शोरूममध्ये थाप बघू शकत नाही. प्रस्ताव पुढच्या आवृत्तीच्या यादीत आहे. त्या यादीत काय काय आहे हे मला माहीत असल्याने मी फार आशा धरलेली नाही.

*

परवा वाशीहून परतताना अण्णांची पिकअप तळेगावला बंद पडली. गॅरेजवाल्याने दोन दिवस सांगितले. रात्री अकराला मी त्यांना घ्यायला गेलो. ते दोन दिवसांचे जागे होते. मी म्हटलं, मागे आडवे व्हा. ते पुढेच बसले, चप्पल काढून, मांडी घालून. चाकण गेलं, राजगुरुनगर गेलं. घाट चढून वर आल्यावर मी लेन-कीपिंग लावलं. हिरवं चित्र उमटलं. दिवसभर ऑफिस करून आलो होतो, रस्ता मोकळा होता, गाडी आपली आपण चालली होती, आणि माझ्या पापण्या जड व्हायला लागल्या.

‘सुटलं,’ अण्णा म्हणाले.

मी चाक धरलं. थोड्या वेळाने पट्टे परत आले, हिरवं चित्र परत आलं. मी अण्णांकडे पाहिलं. ते स्क्रीनकडे बघत नव्हते, समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते. कुठे पट्टे संपतात ते त्यांना गाडीच्या आधी दिसत होतं.

पेठच्या अलीकडे ते पुन्हा म्हणाले, ‘आता सुटंल बग.’

आणि सुटलं.